झगमगाट, विग आणि अतिरेक: चंदेरी दुनियेवरच्या बटबटीत कल्ट चित्रपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजी, म्हापसा, फोंडा, साखळीपासून पेडण्यापर्यंतचे वाचक जे प्रश्न पुन:पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीबद्दलचे प्रश्न एकदाच घेतले असून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘कॅम्प’ म्हणजे नक्की काय? आम्हाला रक्तदानाचाच कॅम्प माहीत!

त्या कॅम्पशी याचा काही संबंध नाही. हा एका आवडीला दिलेला शब्द आहे. एखादी गोष्ट कोणीतरी जीव ओतून, कमालीच्या गांभीर्याने केलेली असते, पण ती इतकी हाताबाहेर जाते की आपल्याला हसू येतं आणि तरी नजर हटत नाही. मराठीत ‘बटबटीत’, ‘भडक’, ‘नाटकी’ हे शब्द जवळचे, पण ते नावं ठेवायला वापरतात. कॅम्पमध्ये माया असते. दिवाळीच्या आदल्या रात्री नाक्यावरचा नरकासुर आठवा: डोळ्यांत लाल बल्ब, हातभर जीभ, पोटावर चमकीचा कागद आणि बाजूला घशाला कोरड पडेपर्यंत स्पर्धेच्या निकालावर वाद घालणारी मुलं. ‘काय हे ध्यान!’ म्हणत जो गाडी वळवून दुसरी फेरी मारतो, त्याला कॅम्प कळला.

अमेरिकन लेखिका सूझन सॉन्टॅग यांनी १९६४ साली या आवडीवर ५८ टिपणांचा निबंध लिहिला. त्यातला सगळ्यांत उपयोगी भेद प्रश्न ४ मध्ये आहे.

२. कल्ट आणि हिट यांत फरक काय?

हिट चित्रपट पुष्कळ लोक एकदा पाहतात. कल्ट चित्रपट थोडे लोक पुष्कळदा पाहतात, संवाद पाठ करतात आणि न पाहिलेल्यांना पकडून आणतात. यातले बरेच चित्रपट पहिल्या फेरीत आपटलेले आहेत, पण आपटणं ही अट नाही.

३. नट-नट्या, गायक, नाचणाऱ्या पोरी यांच्यावरचेच चित्रपट या यादीत इतके का?

कारण या चित्रपटांना उपदेश करायचा असतो आणि उपदेश करता करता ते हरखून जातात. देहाची नश्वरता सांगायला उभा राहिलेला कीर्तनकार गणिकेच्या दागिन्यांच्या वर्णनात अर्धा तास रमतो, तसंच हे. प्रसिद्धी वाईट, पैसा वाईट, दारू आणि गोळ्या त्याहून वाईट, हे सांगायचं तर आधी ते सगळं दाखवायला हवं. दाखवणारेही त्याच धंद्यातले, त्यामुळे कॅमेरा हावरटासारखा फिरतो.

‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ (१९६७) पाहा. जॅकलिन सूझन यांच्या १९६६ च्या खपाऊ कादंबरीवरचा हा चित्रपट. नावातल्या ‘डॉल्स’ म्हणजे बाहुल्या नव्हेत, तर झोपेच्या आणि उत्तेजनाच्या गोळ्या. तीन तरुणी नाव कमवायला येतात आणि गोळ्यांच्या नादी लागतात. कथा म्हणते ‘सावध राहा’. ट्रॅव्हिलाने शिवलेले झगे, उंच केशरचना आणि लखलखीत दिवाणखाने म्हणतात ‘या, बसा’. या ओढाताणीत चित्रपट फाटतो आणि मजा त्या फाटलेल्या जागेत असते. डाकूंच्या किंवा पोलिसांच्या चित्रपटांत हे क्वचित घडतं, कारण तो चित्रपट स्वत: दरोडा घालत नसतो. इथे मात्र झगमगाटाला शिव्या देणारी गोष्टच झगमगाट विकत असते.

४. मुद्दाम केलेला अतिरेक आणि नकळत झालेला अतिरेक ओळखायचा कसा?

सॉन्टॅग यांच्या मते खरा कॅम्प भाबडा असतो. आपण कॅम्प आहोत हे ज्याला ठाऊक असतं, तो बहुधा तितकासा रंगत नाही. तीन खुणा पाहा. एक, नट डोळा मारतोय का? भाबड्या चित्रपटात कोणीही डोळा मारत नाही. दोन, पार्श्वसंगीत कोणाच्या बाजूला आहे? व्हायोलिन मनापासून रडत असतील तर लेखकालाही रडायचंच होतं. तीन, चूक सगळीकडे सारखी आहे का? नकळत झालेल्या अतिरेकात एक खातं भलतंच उत्तम असतं, बहुधा कपडेपट, आणि बाकीची धापा टाकत मागून येतात.

‘व्हॅली ऑफ द डॉल्स’चा १९७० चा नामसखा ‘बियाँड द व्हॅली ऑफ द डॉल्स’ हा मुद्दाम गटातला. दिग्दर्शक रस मायर, पटकथा शिकागोचे तरुण समीक्षक रॉजर ईबर्ट यांची. हा पुढचा भाग नाही, असं तो सुरुवातीलाच पाटी लावून सांगतो. तो टिकला याचं कारण मायर यांनी सगळं नटांकडून गंभीर चेहऱ्याने करवून घेतलं. वात्रटपणा लिहिण्यात आहे, चेहऱ्यावर नाही. मुद्दाम कॅम्प करू पाहणाऱ्या एकांकिका इथेच फसतात: लेखक वात्रट, दिग्दर्शक वात्रट, त्यात नटही वात्रट. मग प्रेक्षकाला करायला काही उरत नाही.

५. सुरुवात कुठून करू?

हा क्रम धरा:

‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०, ११० मिनिटं). हा कॅम्प नाही, निखळ उत्तम चित्रपट आहे. पण विस्मृतीत गेलेली नटी, जुना वाडा, जिना आणि दिव्यांचा झोत हे पुढच्या सगळ्यांचं मूळ भांडवल इथलं.

‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?’ (१९६२). बेटी डेव्हिस (जेन) आणि जोन क्रॉफर्ड. म्हाताऱ्या जेनच्या तोंडावरचा पांढरा थर नीट पाहा. ही बाई तोंड धूत नाही, रोज आदल्या दिवसाच्या रंगावर नवा चढवते, ही कल्पना स्वत: डेव्हिसची.

मग १९६७ चा ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’, त्यानंतर १९७० चा ‘बियाँड’. हे दोन लागोपाठच्या रात्री पाहा, एका रात्रीत नको.

‘मॉमी डिअरेस्ट’ (१९८१). जोन क्रॉफर्डच्या भूमिकेत फे डनवे. आधी प्रश्न १४ वाचा.

‘शोगर्ल्स’ (१९९५) सगळ्यात शेवटी. अनेक जण नाव ऐकून थेट इथे येतात आणि वैतागतात. आधीची ओळख नसेल तर तो नुसता आरडाओरडा वाटतो.

६. विगच्या प्रसंगाबद्दल सगळे बोलतात. त्यात एवढं काय आहे?

‘व्हॅली ऑफ द डॉल्स’मधली बायकांची प्रसाधनखोली. एक उतारवयातली दिग्गज गायिका (सूझन हेवर्ड), एक चढत्या काळातली उर्मट तारका (पॅटी ड्यूक). टोमण्यांवरून सुरुवात होते आणि बघता बघता धाकटी थोरलीच्या डोक्यावरून विग उपटते, आत पळते आणि तो संडासात टाकून वाहून घालवायला बघते. इथपर्यंत नळावरचं भांडण. प्रेक्षक हसून लोळतो.

पण पुढे पाहा. विगखालचे पांढरे केस उघडे पडले आहेत. तिथली मदतनीस स्वयंपाकघराकडच्या दाराने गुपचूप निघून जायला सुचवते. थोरली नकार देते. डोक्याला रुमाल बांधते आणि आली त्याच दाराने, सगळ्यांच्या समोरून बाहेर पडते. हसणारं सभागृह तिथे अर्धा क्षण गप्प होतं. कॅम्पची खरी करामत ही आहे. हास्यास्पद माणूसच पुढच्या क्षणाला भारदस्त होतो आणि आपण दोन्ही वेळा मनापासून दाद देतो. हा प्रसंग मोबाइलवर तुकड्यात पाहिलात तर विग दिसेल, रुमाल निसटेल.

या भूमिकेसाठी आधी जुडी गार्लंड यांची निवड झाली होती. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच त्यांना काढून हेवर्डना घेतलं गेलं. दारू-गोळ्यांवरच्या चित्रपटातून गार्लंडना वगळलं जावं, हा योग चित्रपटापेक्षा जास्त बोचरा आहे.

७. हिंदी-मराठीत असं काही आहे का?

भरपूर. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) हा आपल्याकडचा भाबड्या गटाचा राजा. दिग्दर्शक बब्बर सुभाष, संगीत बप्पी लाहिरी, नायक मिथुन. नायकाच्या गिटारमध्ये शत्रू वीज सोडतात, आई मरते आणि मग नायकाला गिटारचीच धास्ती बसते. हे सांगताना कोणाच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नाही. सोव्हिएत संघात हा चित्रपट तुफान चालला. ‘ओम शांती ओम’ (२००७) जाणूनबुजून केलेला आणि चांगला जमलेला.

मराठीत ‘पिंजरा’ (१९७२) हा वादाचा विषय. तमाशाचा फड गावातून हाकलू पाहणारे मास्तर त्याच फडात गुरफटतात. म्हणजे प्रश्न ३ मधला कीर्तनकार जसाच्या तसा. बोध तमाशाविरुद्ध आणि लावण्या अशा की बोध कोणाला आठवू नये. आमच्या मते तो कॅम्प नाही, कारण डॉ. लागू आणि निळू फुले त्याला जमिनीला धरून ठेवतात. ‘पिंजरा’वाल्या शांतारामांचाच हिंदी ‘नवरंग’ (१९५९) मात्र नि:संशय या यादीत बसतो. होळीच्या गाण्यात संध्या पुढून स्त्री आणि पाठीमागे मुखवटा लावून पुरुष होते, आणि दोघांचं भांडण एकटीच नाचते.

‘बालगंधर्व’ (२०११) घालू नका. अत्तरं, शालू, कर्ज असा मालमसाला सगळा आहे, पण तो चित्रपट त्याकडे आदराने पाहतो. गोव्यातल्या संगीतकारांच्या दुनियेवरचा कोकणी ‘नाचोंया कुंपासार’ही चंदेरी दुनियेचाच, पण कॅम्पपासून कोसभर दूर.

८. मग आपलं जत्रेतलं नाटक, दशावतार, तियात्र हेही कॅम्पच ना?

नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. दशावतारात पुरुषाने स्त्रीपार्ट करणं हा संकेत आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक असतो, नटालाही. तिथे काहीही हाताबाहेर गेलेलं नाही. तियात्रात गाण्यातून राजकारण्यांची टर उडवणं हेही ठरवून, नेम धरून केलेलं असतं.

कॅम्प येतो तो उत्सवातल्या ऐतिहासिक नाटकात, जेव्हा विंगेतल्या प्रॉम्प्टरचं वाक्य पहिल्या रांगेला आधी ऐकू येतं, मग संभाजी तेच वाक्य दुप्पट आवेशात म्हणतो, आणि मिशी अर्धी सुटलेली असतानाही मागे हटत नाही. मिशी सुटली म्हणून तो थांबला असता तर ती नुसती फजिती झाली असती.

९. इंग्रजी फार समजत नाही. मराठी सबटायटल्स मिळतात का?

या जुन्या चित्रपटांना सहसा नाहीत. इंग्रजी सबटायटल्स लावा, निम्मं काम होतं. स्वत: मराठी करणार असाल तर फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं सांभाळणारी साठवणपद्धत) मध्येच साठवा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन नि प्रश्नचिन्हं दिसतात. जोडाक्षरं तुटत असतील तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी. एका वेळी दोनच ओळी.

भाषेची मेख वेगळीच आहे. या संवादांचं साध्या बोलीत भाषांतर केलं की ते मरतात. नायिका ज्या तोऱ्यात बोलते तो तोरा आपल्याकडे जुन्या नाटकांत आहे. ‘जा इथून’ नको, ‘दूर हो माझ्या नजरेसमोरून!’ हवं. विनोदी करायचा प्रयत्न अजिबात करू नका. भाषांतरकाराने डोळा मारला की प्रश्न ४ मधली चूक झाली.

१०. घरी पाहायची नीट व्यवस्था कशी करू?

टीव्हीवर पाहत असाल तर आधी मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंद करा. नाहीतर १९६७ चा चित्रपट संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. संवाद दबून गाणी अंगावर येत असतील, तर ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ आवाज निवडा.

प्रोजेक्टर असेल तर हिशोब असा: पडदा ८ फूट रुंद आणि प्रोजेक्टरचं थ्रो गुणोत्तर (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल, तर तो १२ फुटांवर ठेवावा लागतो. दोन्ही ‘व्हॅली’ २.३५:१ चे, म्हणून ८ फूट रुंदीला चित्राची उंची साधारण ३.४ फूटच येते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवायला झूम केलंत तर कडेची माणसं कापली जातात, आणि या चित्रपटांत गंमत बऱ्याचदा कडेलाच उभी असते. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ला उलट, डावी-उजवीकडे पट्ट्या येतात.

पावसाळ्यात दोन त्रास. वीज कधीही जाते. दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा मध्येच बंद पडला तर आतली उष्णता दिव्याला मारते, म्हणून दहा मिनिटं पुरेल असा छोटा यूपीएस लावा. आणि जून ते सप्टेंबर भिंगाला बुरशी धरते: वापर झाल्यावर यंत्र निवू द्या, मगच सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करा.

११. माझी प्रत लिहिलेल्या वेळेपेक्षा चार-पाच मिनिटं कमी आहे. कापलेली आहे का?

युरोपातली ‘पाल’ (PAL, तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडी असेल तर बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, पाल २५ चा, म्हणून सगळंच चार टक्के वेगाने पळतं. १०९ मिनिटांचा चित्रपट चार-साडेचार मिनिटांनी कमी भरतो, आवाजही किंचित चढा लागतो. ब्लू-रे किंवा ऑनलाइन प्रत कमी भरली तर मात्र शंका घ्या. बाहेरून डिस्क मागवताना विभाग पाहा: ब्लू-रेसाठी अमेरिका ए, भारत सी, डीव्हीडीसाठी अमेरिका १, भारत ५. फोरके डिस्कवर विभागाचं कुलूप नसतं.

१२. ‘शोगर्ल्स’ वाईट आहे की हुशार? एकदाच काय ते सांगा.

एकदाच सांगता येत नाही, म्हणून तर तो टिकला. पॉल व्हरहोवन दिग्दर्शक, जो एस्टरहास लेखक, लास व्हेगासमधली नर्तकी नायिका. खर्च ४ कोटी डॉलरच्या वर, अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत गल्ला सुमारे २ कोटी. वाईट चित्रपटांना मिळणाऱ्या रॅझीची १३ नामांकनं आणि ७ पुरस्कार. व्हरहोवन आपला पुरस्कार घ्यायला स्वत: हजर राहिले. मग घरगुती व्हिडिओवर त्याने १० कोटी डॉलरच्या वर कमावले. फ्रेंच दिग्दर्शक जाक रिव्हेत यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं.

आमचं मत: दिग्दर्शकाला आपण काय करतोय हे ठाऊक होतं, नायिका एलिझाबेथ बर्कलीला तसं कोणी सांगितलं असावं असं वाटत नाही. ती प्रत्येक गोष्ट, अगदी बटाट्याच्या काड्यांवर सॉस ओतणंसुद्धा, शत्रूवर तुटून पडल्यासारखी करते. पुढे सगळी टीका तिच्यावर पडली, हा अन्याय होता. शेवटाकडे बलात्काराचा एक क्रूर प्रसंग आहे. तो कॅम्प नाही, हसण्यासारखा नाही. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

रॅझींचा उगमही याच गोतावळ्यातला. ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ आणि ‘झॅनडू’ हे १९८० चे दोन संगीतपट लागोपाठ पाहून जॉन विल्सन यांना ही कल्पना सुचली.

१३. आमच्या मंडळातर्फे हॉलमध्ये खेळ लावायचा आहे. प्रवेश फुकट आहे, मग परवानगी कशाला?

लागते. एकेक गोष्ट वेगळी करून पाहा.

हक्क: डिस्क विकत घेतली किंवा ओटीटीचं सभासदत्व असलं तरी ते घरापुरतं. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. ‘हौशी मंडळ, फुकट प्रेक्षक’ ही सवलत कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये आहे खरी, पण ती साहित्य, नाट्य आणि संगीत यांच्या प्रयोगांना. चित्रपटाला नाही. लोक नेमके इथे अडकतात. शाळा-कॉलेजने आपल्या उपक्रमात, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधितांसाठी दाखवला तर चालतो.

जुना चित्रपट: भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्या हिशोबाने ‘नवरंग’चा २०१९ अखेर संपला. पण गाण्यांचे शब्द आणि चाली यांचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणून खेळ लावण्याआधी जाणकार वकिलाला विचाराच.

प्रमाणपत्र: १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय सार्वजनिक खेळ करता येत नाही. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. म्हणून इफ्फीत पाहिलेला चित्रपट दुसऱ्या आठवड्यात गावच्या हॉलमध्ये तसाच दाखवता येत नाही. ‘ए’ असेल तर दारावर वय तपासा.

वेळ: ‘मिडनाइट शो’ची हौस अनेकांना असते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मध्यरात्रीचा खेळ करायचा तर बंद सभागृहात, आवाज बाहेर न जाता. अंगणात करायचा तर १०९ मिनिटांचा चित्रपट आठला सुरू करा, म्हणजे दहाच्या आत आटोपतो. देवळाच्या सभामंडपाबद्दल विचारणाऱ्यांना एकच विनंती: विचारूसुद्धा नका.

१४. मुलीला मार खाताना पाहून हसायचं, हे बरोबर आहे का?

हा प्रश्न ‘मॉमी डिअरेस्ट’बद्दल येतो आणि रास्त आहे. क्रॉफर्डच्या दत्तक मुलीने, क्रिस्टिनाने, १९७८ साली लिहिलेल्या आठवणींवर तो आधारलेला आहे. मध्यरात्री तोंडाला पांढरी क्रीम थापलेली आई मुलीच्या कपाटात तारेचा हँगर पाहून पिसाळते. मारहाण भयंकर, चेहरा मात्र काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्यासारखा. लोक हसले ते त्या चेहऱ्याला, आणि पॅरामाउंटने जाहिरातीही मग त्याच सुरात बदलल्या. आमचा सल्ला एवढाच: हसू आलं तर लाजू नका, पण ज्यांच्या घरी असं काही घडलं आहे त्यांना न सांगता हा चित्रपट लावू नका.

१५. ओरडावं का? वस्तू फेकाव्यात का?

‘वन्स मोअर’ देणाऱ्यांचे आपण वंशज, त्यामुळे ओरडण्याची शिकवणी नको. फक्त पहिल्यांदा पाहणारे निम्म्याहून अधिक असतील तर पहिला खेळ शांतपणे होऊ द्या. न ऐकलेल्या संवादावर ओरडण्यात अर्थ नाही.

फेकाफेकीची रीत ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ची. न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात १ एप्रिल १९७६ पासून त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि सुरुवातीच्या लग्नाच्या प्रसंगात तांदूळ फेकायची पद्धत पडली. आपल्याकडे तर अक्षता तयारच. माणशी एक चिमूट पुरे. गुळगुळीत फरशीवर मूठभर तांदूळ म्हणजे मध्यंतरात कोणीतरी आपटणार. कुंकू लावू नका, हॉलच्या खुर्च्यांवरचे डाग अनामत रकमेतून जातात. पाण्याच्या पिचकाऱ्या प्रोजेक्टरच्या पुढच्या तीन रांगांत नकोत.

१६. आई-बाबांबरोबर बसून पाहता येईल असा यातला कोणता?

‘बेबी जेन’. अंगप्रदर्शन नाही, शिवीगाळ नाही, दोन म्हाताऱ्या बहिणींचं भांडण आहे आणि ते सगळ्या घरांना कळतं. फक्त मासळीचं जेवण आधी उरकून घ्या. त्या चित्रपटात झाकण घातलेलं ताट दोनदा येतं.